घराची माहिती दोघांच्याही डोक्यात हवी

घरातला एक माणूस आठ दिवस दवाखान्यात पडला, की घर आजवर कोणाच्या भरवशावर चाललं होतं ते उघड होतं. नवरा आजारी पडला तर मेडिक्लेमचं कार्ड कुठे आहे, गृहकर्जाचा हप्ता कोणत्या खात्यातून जातो, मोबाइल उघडायचा कसा, यातलं काहीच बायकोला सांगता येत नाही. बायको आजारी पडली तर आईची रक्तदाबाची गोळी जेवणाआधीची की नंतरची, धाकटीची रिक्षा किती वाजता येते, गॅस कोणाच्या नंबरावरून बुक होतो, पोळ्यांच्या मावशींची सुट्टी कोणत्या वारी असते, हे नवऱ्याला ठाऊक नसतं. दोघंही शिकलेले, दोघंही कमावते. तरी निम्मं घर याच्या डोक्यात आणि निम्मं तिच्या.

ही वाटणी सहसा कोणी ठरवून केलेली नसते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ज्याने जे काम हाती घेतलं ते कायमचं त्याच्याकडे राहतं. पूर्वी घरात दहा माणसं असायची. एकाला माहीत नसलं तरी सासूला, दिराला, कोणाला तरी माहीत असायचं. आता फ्लॅटमध्ये दोघं, एक-दोन मुलं आणि असली तर एखादी आजी. एकालाच ठाऊक असलेली गोष्ट तो आजारी पडला की कोणालाच ठाऊक नसते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की घराची एक वही करा. चांगली जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. फोनमध्येही नोंदी ठेवा, पण फोन बंद पडतो, हरवतो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्याचं कुलूप उघडत नाही. वही कपाटात एका ठरलेल्या जागी राहते आणि घरातल्या मोठ्या माणसांना ती जागा माहीत असते.

पासवर्ड, एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन मात्र या वहीत लिहायचे नाहीत. वही माहितीची आहे, पैसे काढण्याची नव्हे.

पहिलं पान आजारपणाचं ठेवा. प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, कोणतं औषध सोसत नाही, रोजच्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा. ‘बीपीची गोळी’ एवढं लिहून भागत नाही. पाकिटावरचं नाव आणि किती मिलिग्रॅमची ते लिहा. रात्री दोन वाजता तातडीच्या विभागातला डॉक्टर नेमकं हेच विचारतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिच्याखाली लाल रेघ मारा, कारण ती गोष्ट सगळ्यात आधी सांगायची असते. त्याच पानावर पॉलिसीचा नंबर, कंपनीचा हेल्पलाइन नंबर, नूतनीकरणाची तारीख आणि घराजवळची कॅशलेस सोय असलेली दोन रुग्णालयं लिहा. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत. हे माहीत असलेला माणूस काउंटरवर ठामपणे विचारू शकतो. माहीत नसलेला संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहतो.

घरात सत्तरी पूर्ण केलेलं कोणी असेल तर आणखी एक काम करा. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षं आणि त्यावरच्या सर्वांचा समावेश झाला आहे, मग उत्पन्न कितीही असो. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. घरात असे दोघं असतील तर ती रक्कम दोघांत मिळून असते. कार्ड मात्र आधी काढून ठेवा. आजारपणाच्या धावपळीत आधारची पडताळणी करत बसणं फार जिवावर येतं.

पानाच्या तळाशी चार नंबर ठळक लिहा: रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२, गॅसगळतीसाठी १९०६ आणि ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३०. हा शेवटचा नंबर आजी-आजोबांनाही पाठ करायला लावा. पैसे गेल्यावर जितक्या लवकर तिथे कळवाल तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता अधिक. आणि घरातल्या कोणी फसवणूक झाल्याचं सांगितलं तर आधी फोन करा, रागवायचं ते नंतर. रागाच्या धाकाने म्हातारी माणसं दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि तेवढ्यात पैसे पार निघून जातात.

रोजचं घर

दुधाचे खाडे, पेपरचं बिल, सिलिंडर लावल्याची तारीख, मावशींना दिलेली उचल, हे सगळं कालनिर्णयच्या चौकटींत टिपायची आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि ती उत्तम आहे. अडचण एवढीच, की त्या खुणा ज्याने केल्या त्यालाच वाचता येतात, आणि डिसेंबर संपला की कॅलेंडर रद्दीत जातं. म्हणून वर्षभर टिकणारी माहिती वहीत उतरवून घ्या. मावशींचा पगार, सुट्टीचा वार, दिवाळीला काय देतो. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वॉटर प्युरिफायरवाला यांचे नंबर. मुलांच्या लसीकरणाचं कार्ड कोणत्या फाइलमध्ये. शाळेच्या फीचे हप्ते कोणत्या महिन्यांत. सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, पाणीपट्टी कधी. मीटरचा ग्राहक क्रमांक.

लिहून झालं की खरी परीक्षा. एक आठवडा कामांची अदलाबदल करा. जो बँक बघतो त्याने घर बघायचं, जी घर बघते तिने त्या आठवड्यातली सगळी बिलं आणि व्यवहार करायचे. नियम एकच: एकमेकांना फोन करून विचारायचं नाही, वहीत बघायचं. वहीत नसेल तर उत्तर शोधून तिथल्या तिथे लिहून टाकायचं. ‘तू सांग, मी करतो’ म्हणणाऱ्या माणसाचे फक्त हात कामाला लागतात. कधी काय संपतं, कोणाला कधी काय लागतं हे लक्षात ठेवायचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर तसंच राहतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं दिसलं, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. लक्षात ठेवण्याच्या या कामाची मिनिटं कोण मोजणार?

आठवडाभर नवीन डोळे स्वयंपाकघरात फिरले की राहून गेलेल्या गोष्टीही सापडतात. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर छापलेलं साल वाचा आणि वहीत लिहा.

पैशाचं पान

इथे जरा निवांत बसावं लागेल. एका रविवारी चहा झाल्यावर दोघांनी मिळून बसा. प्रत्येक खात्यासाठी एक ओळ: बँक आणि शाखा, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, एकट्याचं की संयुक्त, नॉमिनी नोंदवलाय की नाही. संयुक्त खातं असेल तर ते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं आहे ना, हे पासबुकावर बघा. दोघांच्याही सह्या लागणारं खातं एकजण आजारी पडला तरी अडून बसतं.

मग मुदतठेवी, पोस्टातली खाती, पीपीएफ, आयुर्विमा, म्युच्युअल फंड, डीमॅट, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन, लॉकर. आणि जे हमखास राहतं तेही: गावच्या पतसंस्थेतली ठेव, सोनाराकडची मासिक योजना, भिशी, चुलतभावाला दिलेले हातउसने पैसे आणि आपण कोणाकडून घेतलेले. यांतल्या कित्येक व्यवहारांचा पुरावा म्हणजे फक्त दोन माणसांची आठवण. पतसंस्थेबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बँकेतल्या ठेवींना दर ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा असतो, तो पतसंस्थांतल्या ठेवींना लागू नाही. आयुष्यभराची पुंजी तिथे एका ठिकाणी ठेवली असेल तर याच बैठकीत तिचा विचार करा.

आता पासबुक उघडा आणि मे-जूनच्या नोंदी वाचा. दरवर्षी ४३६ रुपये किंवा २० रुपये वजा झालेले दिसतात का? ४३६ रुपये म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा, २० रुपये म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाल्यास प्रत्येकी दोन लाख रुपये मिळतात. बँकेतल्या कोणीतरी कधीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते, खातेदार विसरून जातो, घरच्यांना कल्पनाच नसते आणि पैसे मागायला कोणी जात नाही. तसंच भविष्यनिर्वाह निधीचं. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला तर त्या निधीशी जोडलेल्या विम्यातून वारसांना सात लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात. पगारातून त्यासाठी काहीच कापलं जात नाही, म्हणून पगारपत्रकावर ते दिसतही नाही. वहीत ही ओळ लिहाच.

जिथे नात्यात धाक आहे तिथे ही बैठक होणार नाही, हे मला माहीत आहे. ज्या घरात बायकोला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो पण मिळकतीचा हिशेब विचारता येत नाही, तिथल्या बाईने निदान एवढं करावं: स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं, स्वतःच्या नावाचं सिमकार्ड, आणि आधार, पॅन, शिक्षणाची प्रमाणपत्रं, लग्नाचा दाखला, घराची कागदपत्रं यांच्या प्रती माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे. यात कोणाचा विश्वासघात नाही.

नॉमिनी आणि वारस

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि त्या गोंधळात सख्खी भावंडं कोर्टाची पायरी चढतात. बँकेच्या फॉर्मवर ज्याचं नाव नॉमिनी म्हणून असतं त्याच्या हाती बँक पैसे देते, पण म्हणून तो मालक होत नाही. पैसे स्वीकारायचे आणि कायद्याने ज्यांचा हक्क आहे त्यांच्यापर्यंत पोचवायचे, एवढीच त्याची जबाबदारी. शेअर आणि डीमॅटच्या बाबतीतही हेच लागू, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात स्पष्ट केलं. सहकारी सोसायटीतल्या फ्लॅटचंही तसंच: नॉमिनीच्या नावाने सोसायटी व्यवहार करते, मालकी वारसांची असते. आयुर्विम्याला थोडा अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर सामान्यतः पैशावर हक्कही त्यांचाच राहतो.

मग वारस कोण? मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. मुलगी लग्न झालेली असली तरी तिचा वाटा तेवढाच. आईचं नाव या यादीत आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. वडील मात्र पुढच्या वर्गात येतात. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना वेगळे नियम लागू होतात, आणि गोव्यात नागरी कायद्यानुसार, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर, मालमत्तेत नवरा-बायको निम्म्या-निम्म्याचे धनी असतात. आपल्याला जे लागू आहे ते एकदा वकिलाला विचारून वहीत लिहा.

नॉमिनीचं नाव न नोंदवण्याला आता सबब उरलेली नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींवर चारजणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, त्यांच्यात टक्केवारीने वाटणीही करता येते. दोन मुलांपैकी एकाचंच नाव घालून दुसऱ्याच्या मनात अढी निर्माण करायचं कारण नाही. नोकरदारांनी भविष्यनिर्वाह निधीचं नामांकन तर आजच उघडून बघावं. लग्नाआधी आई-वडिलांचं नाव दिलेलं असतं, आणि नियमाप्रमाणे लग्न झालं की ते जुनं नामांकन बाद होतं. नवीन केलं नसेल तर कागदोपत्री नामांकनच नाही.

मृत्युपत्राची लोक उगाच धास्ती घेतात. साध्या कागदावर लिहिता येतं, स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दुय्यम निबंधकांकडे केली तर पुढे बळकटी येते एवढंच. दोन साक्षीदारांसमोर सही झाली पाहिजे आणि त्या दोघांनीही सह्या केल्या पाहिजेत. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडा, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

कागदावरचं नाव

आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत एक अडचण फार जुनी आहे. माहेरची सुमन लग्नात वैशाली होते. दहावीचं प्रमाणपत्र सुमनच्या नावावर, रेशनकार्ड वैशालीच्या, आधारवर वैशाली आणि नवऱ्याचं नाव, पॅनवर नुसतं आडनाव वेगळ्या स्पेलिंगने, आणि वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून पुन्हा सुमन. चाळीस वर्षं काही अडत नाही. मग एक दिवस नवऱ्याच्या पेन्शनसाठी किंवा माहेरच्या जमिनीसाठी सुमन आणि वैशाली एकच, हे सिद्ध करायची वेळ येते, आणि ते कागदोपत्री सांगू शकणारी माणसं तोवर हयात नसतात.

हे काम आता उरकून टाका. घरातल्या प्रत्येक बाईची आधार, पॅन, पासबुक, मतदार ओळखपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला समोरासमोर मांडा. नाव जसंच्या तसं नसेल तर एकेक दुरुस्त करत चला. आधी आधार, मग त्याच्या आधारे बाकीचं. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर ती वीस-पंचवीस वर्षांनंतरही करता येते. नावच बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन ठेवा. अर्ज ऑनलाइन होतो. ती राजपत्राची प्रत आयुष्यभर उपयोगी पडते. नव्याने लग्न करणाऱ्या मुलींना मी हेच सांगेन की नाव बदलायचं असेल तर आनंदाने बदला, पण मग सगळीकडे बदला; नाहीतर कुठेच बदलू नका. लग्नामुळे नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही.

शेती असेल तर सातबारा त्याच बैठकीत बघून घ्या. वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी अर्ज द्यायचा असतो. आजोबांच्या नावावरचा उतारा नातवंडांच्या काळापर्यंत तसाच राहिला की वारसांची संख्या पंधरा-वीसवर जाते आणि साधं पीककर्ज काढायलाही सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायला सांगितलं होतं आणि अनेकांनी ती करून दिली. ते करण्यासाठी मोहिमेची वाट बघायची गरज नाही.

घरात कोणी गेल्यावर

मन थाऱ्यावर नसतं तेव्हा हे आठवत नाही, म्हणून आधीच एका पानावर लिहून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदम घ्याव्या, कारण प्रत्येक कार्यालय एक मागतं. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नका, गरज कितीही खरी असली तरी. तो बेकायदा व्यवहार ठरतो आणि पुढे इतर वारसांपुढे त्याचा जाब द्यावा लागतो. नॉमिनी किंवा हयात खातेदार असेल आणि कागद पूर्ण असतील तर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. तेवढे दिवस घरखर्च चालेल इतकी रक्कम दुसऱ्याच्या नावाच्या खात्यात कायम असू द्या. मोबाइलचं सिम बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. विमा, निधी, गॅस, वीज यांचे संदेश त्याच नंबरावर येतात आणि कुठे काय होतं याचा माग त्यावरूनच लागतो. गृहकर्ज असेल तर त्यासोबत कर्जविमा घेतला होता का, हे हप्ता भरण्याआधी विचारा.

जुनी खाती सापडत नसतील तर रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, पण त्यांवरचा हक्क संपत नाही. वारसांना त्या परत मागता येतात.

आई-वडिलांशी कसं बोलायचं

आपल्या घरात वही करणं त्या मानाने सोपं. गावी राहणाऱ्या वडिलांना ‘तुमचे पैसे कुठे कुठे आहेत’ असं विचारणं कठीण, कारण विचारणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी ऐकणाऱ्याला त्यात घाई ऐकू येते. मला उपयोगी वाटलेली पद्धत अशी: आधी स्वतःची भरलेली वही त्यांच्यासमोर ठेवा. ‘बाबा, आम्ही आमच्या घराचं सगळं लिहून काढलंय. जरा बघा बरं, काय राहिलंय?’ बहुतेक वडील चष्मा लावून नीट वाचतात आणि दोन-तीन चुका काढतात. मग स्वतःचा विषय पुष्कळदा तेच काढतात, ‘आमचंही एकदा लिहिलं पाहिजे’ म्हणून. त्या दिवशी सगळं उरकायची घाई नको. एका बैठकीत आजारपणाचं पान झालं तरी पुष्कळ. सगळी भावंडं हजर असतील असा दिवस निवडला तर उत्तमच. नसतील तर लिहिलेल्या पानांचे फोटो त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवा, म्हणजे कोणाला काही लपवलं असं वाटणार नाही.

आणि या बैठकीत आई शेजारी बसलेली असली पाहिजे, चहा करायला आत गेलेली नाही. पुढे बँकेच्या काउंटरवर सही करायची वेळ बहुधा तिच्यावर येणार आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तिला बँकेत घेऊन जा. पैसे काढायची स्लिप तिच्या हाताने भरू द्या, पासबुक छापून घेऊ द्या, शाखेतल्या एका-दोघांची ओळख करून द्या. तिची सही थरथरते आहे, नमुन्याशी जुळत नाही असं आढळलं तर नवीन सहीचा नमुना त्याच दिवशी देऊन टाका. वडील बरोबर असताना हे काम अर्ध्या तासात होतं.